बर्फगार पाण्यातील कोरडी बुडी

पाण्यात पडले की पोहता येते, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात हौसेने स्कूबाची पहिली बुडी मारणाऱ्या पर्यटकाला ते काही अंशी पटतेही. हंगामात तेथील पाण्याचे तापमान सहसा २५ अंश सेल्सियसच्या वर असते, प्रशिक्षक हात धरून खाली नेतो आणि एखादा पातळ रबरी पोशाख अंगावर असला म्हणजे काम भागते. यातील काही जण पुढे रीतसर प्रमाणपत्र मिळवतात. नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंड, नॉर्वे किंवा कॅनडात गेल्यावर तेथेही हा छंद जोपासावा, असे त्यांना वाटते. तेथील पाणी पाहिल्यावर मात्र त्यांच्या लक्षात येते की, आजवर शिकलेल्यातील बराचसा भाग पुन्हा शिकावा लागणार आहे. इंग्लंडमधील तलावांचे पाणी हिवाळ्यात पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. अशा पाण्यात उतरायचे तर 'ड्रायसूट' हवा. हा पोशाख नुसता अंगावर चढवून भागत नाही. तो वापरण्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते.

असे का, हा प्रश्न साहजिक आहे. रेनकोट घालायला कोणी वर्गात जात नाही. मग अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखासाठी प्रशिक्षण कशाला? याचे उत्तर त्या पोशाखाच्या कापडात नाही. कापडाच्या आत कोंडलेल्या हवेत आहे. ड्रायसूटमध्ये उतरणारा पाणबुड्या स्वतःभोवती हवेचा एक थर घेऊन खाली जातो. तीच हवा त्याला ऊब देते आणि वेळीच आवरली नाही तर तीच त्याच्या जिवावर उठते. ड्रायसूटचे सारे शिक्षण म्हणजे या हवेचा हिशेब ठेवण्याचे शिक्षण होय.

पाणी ऊब पळवते

हवेपेक्षा पाणी उष्णतेचे वहन सुमारे पंचवीस पट अधिक करते. त्यामुळे वीस अंशांच्या हवेत सदरा घालून आरामात बसणारा माणूस वीस अंशांच्या पाण्यात तासाभरात कुडकुडू लागतो. पाणी पाच अंशांचे असेल तर काही मिनिटांतच बोटे बधिर होतात. बोटे बधिर होणे पाण्याखाली केवळ गैरसोयीचे नसते. बकल उघडणे, बटण दाबणे, नळी सोडवणे ही जीव वाचवणारी सारी कामे बोटांचीच असतात. थंडीने विचारही मंदावतो आणि श्वासोच्छ्वास वाढून सिलिंडरमधील हवा लवकर संपते.

उबदार आणि मध्यम थंड पाण्यात वापरला जाणारा 'वेटसूट' हा निओप्रीन या फेसाळ रबराचा असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी तो विकसित केला. या पोशाखात पाणी शिरतेच. मात्र त्वचेलगत पाण्याचा पातळ थर अडकून राहतो व शरीराच्या उष्णतेने कोमट होतो. खरे संरक्षण रबरातील सूक्ष्म बुडबुडे करतात. या व्यवस्थेतील उणीव अशी की, खोल जावे तसे दाबाने हे बुडबुडे आकसतात आणि पोशाख पातळ होत जातो. म्हणजे जेथे पाणी अधिक गार, तेथेच संरक्षण कमी.

ड्रायसूटचे तत्त्व वेगळे आहे. त्यात पाणी शिरूच द्यायचे नाही आणि आत लोकरीचे किंवा फ्लीसचे जाड कपडे घालायचे. ऊब देतात ते हे आतले कपडे. अधिक नेमके सांगायचे तर त्यांच्या धाग्यांत अडकलेली हवा. हल्ली बहुतेक ड्रायसूट तीन थरांच्या कापडाचे असतात. बाहेरून-आतून नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि मध्ये ब्युटाइल रबराचा थर. असे कापड स्वतः जवळजवळ काहीच ऊब देत नाही. नवशिक्यांचा पहिला गैरसमज येथेच दूर होतो. ड्रायसूट हे केवळ कुंपण आहे. कुंपणाच्या आत काय आहे, यावर सारे अवलंबून असते.

पोशाख चढवण्याची रीत

पाण्यात उतरण्यापूर्वीच पहिला धडा सुरू होतो. ड्रायसूटला मनगटांशी व गळ्याशी लेटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनच्या घट्ट पट्ट्या असतात. पाणी अडवण्याचे काम त्यांचे. लेटेक्सची पट्टी कागदासारखी पातळ असते. वाढलेले नख, अंगठी, घड्याळ, कानातले यांपैकी काहीही तिला फाडू शकते. त्यामुळे दागिने आधी उतरवून ठेवावे लागतात. पट्टीवर विनासुगंधी पावडर लावून हात अलगद सरकवायचा, मग डोके आत घालून गळ्याची पट्टी दोन्ही हातांनी ताणत खाली आणायची. पट्टीखाली केसांची एक बट जरी अडकली, तरी त्या वाटेने पाणी झिरपत राहते. ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे, त्यांनी सिलिकॉन किंवा निओप्रीन निवडणे श्रेयस्कर.

त्यानंतर जलरोधक झिप. काही पोशाखांत ती पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत असते. तेथे जोडीदाराची मदत लागतेच. झिप शेवटच्या दातापर्यंत लागली आहे ना, हे दुसऱ्याने डोळ्यांनी पाहायचे असते. अर्धा सेंटिमीटर फट राहिली तरी गार पाण्याची धार पाठीवरून खाली उतरते. शेवटी खाली उकिडवे बसून, गुडघे छातीशी घेऊन, गळ्याची पट्टी एका बोटाने किंचित उघडायची. आत साठलेली जादा हवा फुस्सकन निघून जाते आणि पोशाख अंगाला चिकटतो. पहिल्यांदा ड्रायसूट घालणाऱ्याला गळ्याभोवतीची ही आवळ नकोशी वाटते. काहींना गुदमरल्यासारखे होते. ही भावना किनाऱ्यावरच जिरवावी, घाईने पाण्यात शिरू नये, असे चांगला प्रशिक्षक सांगतो.

पोशाखाला दोन व्हॉल्व्ह असतात. छातीवरचा व्हॉल्व्ह हवा आत घेण्याचा; सिलिंडरकडून आलेली एक बारीक नळी त्याला जोडतात व बटण दाबले की हवा आत येते. दुसरा हवा सोडण्याचा. तो सहसा डाव्या दंडावर असतो. फिरवून तो कमी-अधिक उघडता येतो आणि डावे कोपर वर उचलले की हवा त्यातून आपोआप बाहेर पडते. या दोन व्हॉल्व्हची जागा डोळे मिटूनही हाताला सापडली पाहिजे, जाड हातमोजे घालूनसुद्धा.

हवेचा हिशेब

शाळेत शिकलेला बॉइलचा नियम येथे प्रत्यक्ष अंगावर येतो. समुद्रसपाटीला दाब एक वातावरण असतो. पाण्यात दर दहा मीटरला तो आणखी एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर हवेचे आकारमान निम्मे होते, वीस मीटरवर एकतृतीयांश, तीस मीटरवर एकचतुर्थांश. पाणबुड्या खाली जाऊ लागला की पोशाखातील हवा आकसते, कापड अंगावर दाबले जाते, घड्यांमध्ये कातडी चिमटली जाते. छातीवर घट्ट आवळल्यासारखे होते आणि हातपाय हलवणे जड जाते. म्हणून उतरताना थोडी थोडी हवा आत घेत राहावे लागते.

खरी परीक्षा परतताना होते. समजा, वीस मीटरवर पोशाखात पाच लिटर हवा आहे. पाणबुड्या दहा मीटरपर्यंत वर आला की तीच हवा साडेसात लिटर होते, पाच मीटरवर दहा लिटर आणि पृष्ठभागाशी पंधरा लिटर. पाण्याखालची प्रत्येक जादा लिटर हवा माणसाला सुमारे एक किलोच्या बळाने वर ढकलते. म्हणजे हवा सोडली नाही तर पाणबुड्या जितका वर येईल, तितका अधिक वेगाने वर ओढला जाईल आणि जितक्या वेगाने येईल, तितकी हवा आणखी फुगेल. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे अवघड. आकडे पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आकारमानातील सर्वांत मोठी वाढ शेवटच्या दहा मीटरांत होते. ज्या उथळ पाण्याला नवशिका सुरक्षित समजतो, तेथेच ड्रायसूट सर्वांत हट्टी असतो.

अनियंत्रित वेगाने वर येण्याचे परिणाम गंभीर असतात. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसातील हवाही त्याच नियमाने फुगते व फुप्फुसाला इजा होते. खोलवर रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडण्याऐवजी बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही ओढवू शकते. म्हणूनच मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास संथ गतीने वर यावे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असे शिकवले जाते. वेटसूटमध्ये हे साधण्यासाठी हवा भरता-सोडता येणारे जाकीट सांभाळले की पुरते. ड्रायसूटमध्ये हवेची दोन कोठारे एकाच वेळी सांभाळावी लागतात.

जुनाच धडा

हा प्रश्न नवा नाही. मूळचे जर्मन असलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले ऑगस्टस सीबे यांनी १८३७ मध्ये शिरस्त्राणाला जोडलेला बंद पोशाख तयार केला. जुन्या चित्रांत दिसणारा तांब्याच्या गोल टोपाचा पाणबुड्या तो हाच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ १७८२ मध्ये बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेचे अवशेष काढण्यासाठी १८४०च्या सुमारास कर्नल चार्ल्स पास्ली यांच्या देखरेखीखाली असे पोशाख वापरले गेले. तो पोशाखही कोरडाच होता आणि त्याचे धोकेही हेच होते. वरून पंपाने येणारी हवा कमी पडली की पाणबुड्या दाबाखाली चेपला जाई. जास्त झाली की पोशाख फुग्यासारखा ताठ होई, हात व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नसे आणि माणूस बुचासारखा वर फेकला जाई. पुढे साहित्य बदलले. अंतराळवीरांच्या पोशाखासाठी विकसित झालेली जलरोधक झिप पाणबुड्यांच्या उपयोगी पडली. १९६०च्या दशकात स्वीडनमधील पोसायडन या कंपनीच्या 'युनिसूट'ने आधुनिक ड्रायसूटला रूप दिले. निसर्गाचा नियम मात्र तोच राहिला आणि म्हणून शिकवणुकीचा गाभाही तोच राहिला.

दगडखाणीतील वर्ग

इंग्लंडमध्ये हे शिक्षण बहुधा समुद्रात सुरू होत नाही. ते पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणींत सुरू होते. लेस्टरशायर परगण्यातील स्टोनी कोव्ह ही त्यांतील एक प्रसिद्ध जागा. १९५८ मध्ये तेथील खाणकाम थांबले, झऱ्यांच्या पाण्याने खाण भरली आणि पुढे तिचे पाणबुड्यांच्या प्रशिक्षण केंद्रात रूपांतर झाले. खाणीच्या पायऱ्यांमुळे तेथे आपोआप इयत्ता तयार झाल्या आहेत. सहा-सात मीटरचा उथळ कट्टा, त्याखाली वीस-बावीस मीटरचा टप्पा आणि पस्तीस मीटरच्या आसपास तळ. नवशिक्याची शाळा पहिल्या कट्ट्यावर भरते.

पहिला पाठ वजनाचा. हवेचा थर वर ढकलतो, म्हणून कमरेला शिसे अधिक लागते. वेटसूटच्या तुलनेत काही किलो अधिक. किती, हे अंदाजाने ठरवायचे नसते. सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना, पोशाखातली हवा सोडून, उथळ पाण्यात स्थिर राहता येईल इतकेच वजन घ्यायचे. कमी घेतले तर शेवटी खाली राहता येत नाही. जास्त घेतले तर ते तोलण्यासाठी पोशाखात अधिक हवा भरावी लागते आणि वर सांगितलेला हिशेब तितकाच बिघडतो. अनुभवी प्रशिक्षक विद्यार्थ्याचे वजन एकेक किलोने उतरवत नेतात, ते याचसाठी.

दुसरा पाठ उलटे होण्याचा. हवा नेहमी सर्वांत वरच्या जागी धावते. पाणबुड्याचे डोके खाली आणि पाय वर झाले की सारी हवा पायांकडे जाते. बुटांचे फुगे होतात, फिन्स निसटू पाहतात आणि दंडावरचा व्हॉल्व्ह आता हवेच्या खाली राहिल्याने निरुपयोगी ठरतो. माणूस पाय वर करून पृष्ठभागाकडे खेचला जातो. यावरचा उपाय सोपा आहे, पण तो अंगात मुरावा लागतो. गुडघे पोटाशी घ्यायचे, शरीराचा गोळा करायचा, कोलांटी घेऊन सरळ व्हायचे आणि लगेच डावे कोपर वर करून हवा सोडायची. प्रशिक्षक विद्यार्थ्याला मुद्दाम उलटे करून हा सराव घेतात. पहिल्या दोन-तीन वेळा घाबरगुंडी उडते. पाचव्या-सहाव्या वेळी शरीर आपोआप वळते.

तिसरा पाठ अडकलेल्या बटणाचा. थंडीने किंवा वाळूच्या कणाने हवा भरणारा व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर पोशाख फुगतच जातो. अशा वेळी एका हाताने नळी खेचून सोडवायची आणि दुसऱ्या दंडावरून हवा सोडायची, दोन्ही एकदम. तेही न साधल्यास मनगटाची किंवा गळ्याची पट्टी ताणून हवेला वाट द्यायची. आत पाणी येईल, पण जीव राहील.

पोशाखात पाणी शिरले की माणूस दगडासारखा बुडतो, असाही एक समज आहे. तो बरोबर नाही. पाण्यात पाण्याला वजन नसते. तोटा होतो तो ऊब देणाऱ्या आणि तरंगवणाऱ्या हवेचा. जाकिटात हवा भरून वर येता येते. जड जाते ते पाण्यातून बाहेर पडणे, कारण तेव्हा आतल्या पाण्याचे वजन पायांवर येते.

एका नळीची किंमत

हे सारे पाठ पुस्तकी वाटू शकतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील माँटाना राज्यातील एका सरोवरात प्रशिक्षणाच्या बुडीत एका तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या अंगात ड्रायसूट होता. मात्र त्यात हवा भरणारी नळी जोडलेली नव्हती. शिशाची वजने भरपूर होती आणि ती झटकन टाकून देता येतील अशा रीतीने बांधलेली नव्हती. खाली जाताना पोशाख आवळत गेला, तिच्याकडे तो सैल करण्याचे साधन नव्हते आणि वर येण्याचे बळही उरले नाही. या घटनेवर जगभरच्या पाणबुड्यांमध्ये खूप चर्चा झाली. तिच्यातून निघणारा बोध साधा आहे. फुगण्याचा धोका सर्वांना ठाऊक असतो. हवा न मिळण्याचा धोका तितकाच खरा आहे. म्हणून पाण्यात शिरण्यापूर्वी जोडीदाराने नळी जोडली आहे ना, बटण दाबल्यावर हवा येते ना, सोडल्यावर जाते ना आणि वजने एका झटक्यात सुटतात ना, हे प्रत्येक वेळी पाहायचे असते. प्रशिक्षक कितीही नामवंत असला तरी ही तपासणी स्वतः केल्याशिवाय उतरू नये. 'आज चालून जाईल' असे कोणी म्हणाले, तर त्या दिवशी काठावर राहणे हाच शहाणपणा.

मतभेद आणि बारकावे

पाण्याखाली तोल सांभाळण्यासाठी हवा पोशाखात भरावी की जाकिटात, यावर प्रशिक्षकांत एकमत नाही. काही संस्था पाण्याखाली पोशाखातील हवेनेच तोल सांभाळायला शिकवतात. एकच कोठार सांभाळणे नवशिक्याला सोपे, हा त्यांचा युक्तिवाद. पोशाखात केवळ आवळ जाईल इतकीच हवा ठेवावी आणि बाकीचे काम जाकिटावर सोपवावे, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे. कारण मोठ्या पोशाखात हवा इकडेतिकडे धावते. दोन्ही पद्धतींनी सुरक्षित बुड्या मारता येतात. शिकताना मात्र एकच पद्धत धरावी, दोहोंची सरमिसळ करू नये.

आणखी एक अडचण सहसा उघड बोलली जात नाही. थंड पाण्यात लघवीचे प्रमाण वाढते आणि ड्रायसूट मध्येच उतरवता येत नाही. म्हणून पुष्कळ जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे चुकीचे आहे, कारण शरीरातील पाणी कमी होणे पाणबुड्याला हिताचे नसते. छोट्या बुड्या, आधी स्वच्छतागृहात जाऊन येणे आणि लांब बुड्यांसाठी शोषक वस्त्र किंवा पोशाखातील खास व्हॉल्व्ह असे उपाय आहेत. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण थंड पाण्यात जे दिसते, ते अन्यत्र दिसत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्क्नी बेटांमधील स्कापा फ्लो या बंदरात २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमाराने आपलीच जहाजे बुडवली. त्यांपैकी तीन युद्धनौका आणि चार क्रूझर आजही तळाशी आहेत. आइसलँडमधील थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानात सिल्फ्रा नावाची भेग आहे. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट जेथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत, त्या खचदरीतील ही भेग. लांगयोकुल हिमनदीचे पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षे गाळले जाऊन तेथे येते. ते इतके नितळ असते की शंभर मीटरपर्यंतचे दिसते आणि इतके गार की वर्षभर तापमान दोन ते चार अंशच राहते. तेथे स्कूबासाठी उतरायचे तर ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा अशा पोशाखातील किमान दहा बुड्यांची नोंद दाखवावी लागते. अठरा मीटरपेक्षा खोल जाण्यास मनाई आहे. सहलीच्या घाईत असलेल्यांना हे नियम जाचक वाटतात. पण वरील हिशेब समजल्यावर ते तसे वाटू नयेत. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यांना ड्रायसूट घालून पृष्ठभागावर स्नॉर्कलिंग करता येते आणि त्या निळाईचा बराचसा आनंद तेवढ्यानेही मिळतो.

ज्यांना शिकायचेच आहे, त्यांनी आधी उबदार पाण्यात तोल सांभाळण्याची कला पक्की करावी. जाकिटाने स्थिर राहता येत नसेल तर ड्रायसूट ती अडचण दुप्पट करील. पहिला सराव तरणतलावात किंवा उथळ पाण्यात व्हावा. भाड्याचा पोशाख मापाचा असावा. ढगळ पोशाखात हवेला धावायला जागा मिळते. प्रमाणपत्रासाठी काही संस्थांना दोनच बुड्या पुरतात. परंतु त्या केवळ ओळखीपुरत्या समजाव्यात आणि पुढच्या आठ-दहा बुड्या त्याच उथळ कट्ट्यावर, त्याच जोडीदाराबरोबर माराव्यात. मालवणच्या पाण्यात पन्नास बुड्या मारलेल्या माणसालाही येथे पहिल्या इयत्तेत बसावे लागते आणि त्यात कमीपणा काही नाही.